सर्वांत जुना बर्फ

पृथ्वी काहीही विसरत नाही. गवताचं बी, भुंग्याचा पंख, फुलाचे पराग, एखाद्या हिवाळ्याची थंडीसुद्धा ती गोठलेल्या मातीत जपून ठेवते आणि हजारो वर्षांनी कुणी आस्थेनं विचारलं, तर जसंच्या तसं परत देते. तुयाराच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर हेच लिहिलं होतं, आणि उत्तरेच्या बर्फाळ टोकाला आर्गा-तुमुल गावच्या धावपट्टीवर विमान उतरलं तेव्हा ती ते मनातल्या मनात घोळवत होती.

तिला उतरवून घ्यायला एर्चिमेन नावाचा माणूस येणार होता. तो विसरला.

दीड तास डासांना यथेच्छ जेवू घातल्यावर तिनं पाठीवर सामान टाकलं आणि नदीच्या दिशेनं चालू लागली. काठावर एक पालथी बोट होती आणि तिच्याखालून रबरी बुटांची एक जोडी बाहेर आली होती.

"अहो, एर्चिमेन कुठे राहतो?"

"कशाला हवाय?" बोटीखालून आवाज आला.

"मला न्यायला येणार होता. मी याकुत्स्कहून आलेय. नदीच्या कड्यावर काम आहे."

बोटीखाली पाना खणकन पडला. मग आवाज म्हणाला, "त्याच्या भरवशावर नका राहू बाई. फार विसराळू माणूस."

"ते कळलंच. दिसतो कसा?"

"दिसायला ना... बरा आहे म्हणतात."

मग बूट बाहेर सरकले आणि बुटांमागोमाग माणूस बाहेर आला. नाकावर ऑइल, केसांत गवत, आणि चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही. दिसायला तो खरंच बरा होता. ही गोष्टसुद्धा तुयारानं त्याच्या अपराधांतच धरली.

एर्चिमेन गावच्या डिझेल जनरेटरचा मेकॅनिक. बोट त्याची, दोर त्याचा, बर्फ कापायची करवत त्याची, आणि नमुने ठेवायचं तळघर त्याच्या अकुलिना आत्याचं. म्हणजे पुढचे बारा दिवस त्याच्यावाचून तुयाराचं पानही हलणार नव्हतं. हे तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं आणि तिचं डोकं दुखायला लागलं.

जेवताना आत्यानं तिच्या पानात तळलेला मासा वाढला आणि विचारलं, "कड्यात काय शोधतेस गं?"

तुयारानं चमचा खाली ठेवला. या प्रश्नाची ती पाच वर्षं तयारी करत होती. "आत्या, त्या कड्यात बर्फाची एक पाचर आहे, पंचवीस मीटर उंच. हिवाळ्यात जमिनीला भेग पडायची, वसंतात वितळलेल्या हिमाचं पाणी तिच्यात उतरून गोठायचं. असं हजारो वर्षं. त्या बर्फावरून कळतं, तेव्हाचे हिवाळे कसे होते. आणि बाजूच्या मातीतल्या परागांवरून कळतं, इथे काय उगवायचं. तीस हजार वर्षांपूर्वीचं अख्खं जग पुन्हा उभं करता येतं!"

आत्यानं विचार केला. "म्हणजे गवत असणार आणि थंडी असणार."

"इतकं सोपं नसतं ते, आत्या."

"मासा गार होतोय," आत्या म्हणाली.

काम सुरू झालं. म्हणजे दोर आठवणीनं आणला की पेट्रोल घरी राहायचं, आणि पेट्रोल आणलं की दोर. दोन्ही एकदम आले, त्या दिवशी एर्चिमेननं आधी नदीला आलाजी वाहिली. आलाजी म्हणजे आमच्याकडचं धिरडं. त्याचे चार तुकडे करून, प्रत्येक तुकड्याबरोबर नदीशी चार शब्द बोलून, तो सावकाश एकेक पाण्यात सोडत होता. तुयारा घड्याळाकडे बघत होती.

"नदीला भूक नसेल हो."

"तुम्हाला तिच्या कड्यावर लोंबकळायचंय. मी तर वरच असणार."

म्हणणं खरं होतं. त्याचा तिला आणखी राग आला.

कड्याच्या माथ्यावर लार्चच्या झाडाचा जाडजूड खुंट होता. त्याला दोर बांधून एर्चिमेन तो हळूहळू सोडायचा आणि तुयारा खाली उतरायची. खालून वितळत्या मातीचा जुनाट, गोठ्यासारखा वास यायचा. वरून प्रश्न यायचे.

"काय मिळालं?"

"गवताची मुळं!"

"वरती पण आहेत. विचारलं असतंत तर एवढं उतरावं लागलं नसतं!"

ती वर आली की तो दोराला लाल चिंधी बांधत बसलेला असायचा. रोज एक-दोन नव्या चिंध्या. रिकामटेकड्या माणसाच्या हाताला चाळा लागतो, असं तुयारानं ठरवून टाकलं आणि तिकडे लक्ष दिलं नाही.

सातव्या दिवशी बारीक पाऊस आला. दोघं ताडपत्रीखाली खांद्याला खांदा लावून बसले. बसायला तेवढीच जागा होती, असं निदान दोघांचंही म्हणणं होतं. तिच्या पापणीला चिखल लागला होता. त्यानं बाहीचं कोरडं टोक शोधलं आणि अगदी हलक्या हातानं तो टिपला. मग टोकाकडे बघत गंभीरपणे विचारलं, "ही माती तीस हजार वर्षांची आहे. ठेवू, की टाकू?"

"ठेवा... म्हणजे, टाका. काय वाट्टेल ते करा!"

"वाट्टेल ते?" तो म्हणाला.

तुयारा पावसाकडे बघू लागली. पाऊस अगदीच सामान्य होता. तरी ती बराच वेळ बघत राहिली.

दहाव्या दिवसापर्यंत पाचरीतले पाच ठोकळे कापून झाले. तळाचा पहिला, सर्वांत मोलाचा. माथ्याचा पाचवा. तिच्या हवाबंद पिशव्या विमानातून आल्याच नव्हत्या, म्हणून आत्यानं पिठाच्या गोण्यांचं धुतलेलं कापड दिलं. तुयारानं प्रत्येक ठोकळा त्यात गुंडाळला, पत्र्याची चकती बांधली आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं. तळाच्या ठोकळ्यावर लिहिलं: 'क्रमांक १. सर्वांत जुना.' मग पाचही ठोकळे आत्याच्या तळघरात नेऊन ठेवले. तिथे गोठलेले मासे होते, घोड्याचं मांस होतं आणि शरद ऋतूत नदीतून कापून आणलेला बर्फ भिंतीला रचून ठेवला होता. आमच्याकडे वर्षभर चहाचं पाणी त्याच बर्फाचं.

अकराव्या दिवशी कड्याचा पायथा खचला आणि तळाची पाचर चिखलाखाली गडप झाली. तुयारानं सुटकेचा निःश्वास टाकला. आपलं काम एक दिवस आधीच झालं! पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती पाचर नदीनं धुऊन नेली असती. संस्थेच्या प्रमुखांनीही निघताना बजावलं होतं, "पाच नमुने सलग आण, नाहीतर हा विषय बंद."

बाराव्या दिवशी आत्यानं निरोपाचा चहा केला. भरपूर दूध, वर गोड साय आणि रानबेरी. चहाला कसलासा गोठ्याचा वास होता, पण पाहुणीनं नाक मुरडायचं नसतं. तुयारा तीन कप प्यायली.

"छान झालाय हं, आत्या. जरा... वेगळाच आहे."

"बर्फ जुना होता ना," आत्या म्हणाली.

तुयाराचा हात कपावरच थांबला. "कुठला बर्फ?"

"अगं, तळघरातला. तूच लिहून ठेवलंयस, सर्वांत जुना म्हणून. घरात जुना बर्फ असताना कुणी नव्याला हात लावतं का? लोक काय म्हणतील! आधी जुना संपवायचा. माझ्या आईनं मला हेच शिकवलं."

तुयारा तळघरात धावली. चार ठोकळे होते. पाचवं कापड स्वच्छ धुऊन, घडी घालून ठेवलं होतं.

ती वर आली तेव्हा एर्चिमेन चौथा कप ओतत होता.

"तुम्ही हिवाळा प्यायलात," ती म्हणाली. "तीस हजार वर्षांपूर्वीचा हिवाळा. दूध घालून!"

"तुम्हीही तीन कप—"

"एक शब्द बोलू नका! माझी पाच वर्षं त्या किटलीत गेली. परवा विमान आहे आणि मी रिकाम्या हातांनी जाणार. आणि तुम्ही... तुम्हाला साधं एवढंसुद्धा आत्याला सांगता आलं नाही?"

"विसरलो," एर्चिमेन म्हणाला.

तिनं खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी तो दारात दोनदा आला, ती बोलली नाही. सकाळी तो घरात नव्हता. बोटही नव्हती. गावचा आग विझवायचा पंपही जागेवर नव्हता. पळून गेला, तुयारानं ठरवलं, आणि सामान बांधता बांधता रडली. आधी ठोकळ्यासाठी, मग भलत्याच कशासाठी तरी.

दुपारी दार ढकलून एक चिखलाचा पुतळा आत आला. त्यानं खांद्यावरची गोणी जमिनीवर ठेवली.

"हा घ्या. पायथ्याचा चिखल पंपानं धुऊन काढला. पंपाचं पाणी लागलं असेल, म्हणून सगळ्या बाजूंनी चार बोटं तासून टाकलाय. तुम्ही टाकायचात तसा."

तुयारा ठोकळ्याकडे बघतच राहिली. मग तिच्यातली संशोधक जागी झाली आणि पारा पुन्हा चढला. "अहो, असा कुठूनही कापून चालत नाही! नेमका तिथलाच लागतो. खोली माझ्या वहीत आहे. विचारायचं होतंत."

"तुम्ही बोलत नव्हतात." त्यानं चिखलानं माखलेला दोर पुढे केला. "पण चिंध्या आहेत ना. तुम्ही जिथे जिथे थांबलात, तिथे दोर किती सुटला होता, ती खूण. ही पहिल्या दिवसाची. खुंटापासून मोजलेली आहे, कडा खचला तरी खुंट हललेला नाही."

तिनं टेप आणली आणि दोर अंगणात पसरून मोजला. मग वही उघडली. फक्त एका वितीचा फरक होता.

"सगळ्या ठोकळ्यांच्या खुणा आहेत?"

"ठोकळे पाचच होते," तो म्हणाला. त्यानं पहिल्यांदाच नजर चुकवली. "चिंध्या सतरा आहेत. एकदा तुम्ही नुसत्याच थांबलात आणि पाखरांकडे बघत होतात... ती पण आहे. एकदा शिंकलात. तीही."

तुयारा दोर हातात धरून उभी राहिली. ज्याला पेट्रोल आठवत नाही, विमान आठवत नाही, त्यानं तिची शिंक बांधून ठेवली होती. पाच वर्षांच्या अभ्यासात असा नमुना तिच्या हाती लागला नव्हता.

"अशक्य माणूस आहेस तू," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिला कळलंही नाही. त्याला कळलं. चिखलाखाली त्याचे कान लाल झाले.

"परत कधी येशील?"

"नमुना कमी पडला तर."

"मग आत्याला सांगतो, आज आणखी एक किटली ठेव म्हणून."

ती हसली. नको नको म्हणत असताना हसली, आणि चिखल अंगाला लागेल याची काळजी न करता त्याच्याजवळ गेली. लागला. मग तिची नजर ठोकळ्याच्या चकतीवर पडली. एर्चिमेनच्या वेड्यावाकड्या अक्षरांत तिथे लिहिलं होतं: 'क्रमांक १. अगदी नवा. आत्या, हात लावू नकोस.'

दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर एर्चिमेन दोन तास आधी हजर होता. विमान पाच तास उशिरा आलं. ते उशिरा आल्याबद्दल ती रागावली नाही, अशी तुयाराच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

पुढच्या उन्हाळ्यात ती परत आली. नमुने घ्यायला, असं अर्जात होतं. शरद ऋतूत नदी गोठली, गाव बर्फ कापायला बाहेर पडलं आणि त्याच आठवड्यात दोघांचं लग्न झालं. नवरामुलगा अंगठी घरी विसरून आला.

त्यानंतरच्या वसंतात तुयाराचा शोधनिबंध छापून आला. एक्केचाळीस पानं, नऊ आलेख, पाच नमुने सलग. अकुलिना आत्यानं चष्मा शोधला, पण तो सापडला नाही. मग एर्चिमेननं तिला शेवटच्या पानावरचा निष्कर्ष मोठ्यानं वाचून दाखवला.

तीस हजार वर्षांपूर्वी त्या जागी गवत होतं आणि थंडी होती.