राजा घाटावरची दुसरी सावली

"उजेडामागे धावणारा माणूस आहे तो, स्वरदा. त्याच्यात जीव अडकवलास, तर जन्मभर त्याला घाटावर शोधत हिंडशील," कालिंदीआत्या म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

तो भेटला राजा घाटावर, माघातल्या एका धूसर सकाळी. बाबांची बँकेत बदली झालेली, मी नाशिकहून काशीत नवीनच. पायरीवर बसून टॅबलेटवर चित्र दुरुस्त करत होते – गंगेवरून उडत येणारी परी, मागे नदीपल्याड मावळणारा केशरी सूर्य. कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी दिलेलं. 'परी वरून चिकटवल्यासारखी वाटते' म्हणून परत आलेलं.

"सूर्य गलत आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं. मफलर, विस्कटलेले केस, हातात चहाचा कुल्हड.

"परी चालते तुम्हाला, सूर्य नाही?"

"परी कुठूनही येईल हो. पण काशीत सूर्य नदीवर फक्त उगवतो. मावळतो आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरांमागे." तो खाली वाकला. "आणि हिची सावली कुठाय? पायऱ्यांवर पडायला हवी… एकेका पायरीवर मोडत, अशी."

त्याचं बोट पायऱ्यांवरून सरकत माझ्या चपलेपाशी येऊन थांबलं… आणि घाईने मागे गेलं.

सुश्रुत त्याचं नाव. गेमसाठी देखावे रंगवायचा. मग रोजच सकाळी भेटू लागलो.

"पाण्याचा उजेड खालून लागतो. हनुवटीखाली बघा, कसा हलतोय."

"कुणाच्या हनुवटीखाली?"

"इथे दुसरं कोण आहे?" तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

फाल्गुन लागला, आणि एकदा नदीकडे बघतच त्याने सांगितलं, "हैदराबादेच्या स्टुडिओतून बुलावा आलाय. बहुतेक… जाईन."

"छान," मी म्हटलं. दिवसभर हातातलं पेन हललं नाही.

दुसऱ्या सकाळी त्याच्यापुढे पुरं झालेलं चित्र धरलं. उगवता सूर्य, परीच्या हनुवटीखाली पाण्याची चमक, पायऱ्यांवर मोडत गेलेली सावली. तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"सगळं सही आहे. फक्त… परी एक, सावल्या दोन?"

"दुसरीचा मफलर नाही दिसत?"

"पण मी तर चित्रात नाही."

"शेजारी बसलेल्या माणसाची सावली पडणारच. तुम्हीच शिकवलंत ना. हैदराबादेत बसलात… तर नाही पडणार."

गळ्यातला मफलर काढून त्याने माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. मग हलकेच म्हणाला, "काम इथूनच करीन, असं कळवतो त्यांना."

आता आमची लेक कस्तुरी रांगायला लागलीय. आज तिला खोकला आहे, सोडून निघता येत नाही. सुश्रुत पहाटेच 'धुक्यातला उजेड बघून येतो' म्हणून गेला. फोन फडताळात, मफलर खुंटीवर. आत्याचं खरं झालं.

तुम्ही राजा घाटाकडे निघाला असाल, तर एवढं बघाल? पाण्यालगतच्या पायरीवर कुणी पाठमोरं बसलं असेल. तिथे शेवाळ आहे, जरा वर सरकायला सांगा. आणि म्हणावं, घरात ऊन आलंय. भिंतीवर दोन सावल्या पडल्यात… तिसरीची जागा रिकामी आहे.