शेततळ्यातली रोमन पलटण

"थांबा वहिनी! घासू नका!"

अमृतशेठ एवढ्यांदा ओरडले, की रेश्मामामीच्या हातातली चिंच परातीत पडली.

स्वानंदी चमकली. मे महिन्याच्या सुट्टीत ती धाकट्या वरदला घेऊन सांगलीहून कोरेगावला मामाकडे आली होती. कालच मामाचं शेततळं खोदताना एक फुटकं गाडगं निघालं होतं आणि त्यात हिरव्या गंजाने माखलेल्या चकत्या! मामी त्याच चिंचेने घासणार होती. लालासाहेबमामा फौजेतून निवृत्त झालेला, स्वभावाने भोळा. त्याने लगेच कुपवाडच्या, जुनं भंगार विकत घेणाऱ्या एका ओळखीच्या मोडवाल्याला बोलावून घेतलं. तेच हे अमृतशेठ.

"हलकं पितळ हाय, लालासाहेब," ते म्हणाले. "वितळवून तोट्या करतो. पिशवीत भरून ठेवा, चहा झाला की नेतो."

"न्या की! आमाला काय करायचंय!" मामा म्हणाला.

स्वानंदीने मामाच्या मुलाला, शिवतेजला खुणेनेच गोठ्यामागे बोलावलं. वरदही मागोमाग धावला.

"वितळवायचंच आहे, तर घासलं म्हणून काय बिघडतं रे?" ती कुजबुजली.

शिवतेजने खिशातून एक चकती काढली. "मी एक ठिवून घेतलीय. बघ, माणसाचं तोंड हाय!"

स्वानंदीने ती उन्हात तिरकी धरली. डोक्याला मण्यांची पट्टी बांधलेला माणूस, आणि कडेने अक्षरं!

"ताई, ही तर एबीसीडी! इंग्रजांचं नाणं!" वरद किंचाळला.

"हळू! सी, ओ, एन, एस... आणि इथे 'यू' हवा तिथे 'व्ही' आहे. रोमन लोक असंच लिहायचे, आमच्या बाईंनी दाखवलं होतं. हे रोमन नाणं आहे!"

"रोमचं? आमच्या रानात? चल, पप्पांना सांगू!"

"मित्राविरुद्ध मामा आपलं ऐकेल का? त्यापेक्षा अमृतशेठनाच बोलतं करू. ट्रॅक्टरचे जुने वायसर आहेत का?"

"डबाभर!"

वरदने ओसरीवर जाऊन अमृतशेठना गाडीबद्दल प्रश्न विचारून भंडावून सोडलं. तेवढ्यात इकडे पिशवीतली नाणी बाहेर निघाली आणि त्यांच्या जागी तशाच गोल चकत्यांचे वायसर गेले!

चहा पिऊन अमृतशेठनी पिशवी उचलली. सहज आत डोकावले, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे काय? नाणी कुठायत?"



"नाणी?" मामा सावकाश उठला. "आवं, तुमी तर पितळ म्हणाला हुता!"

 अमृतशेठनी घाईने पायांत चपला सरकवल्या आणि गाडी जी सुटली, ती फाट्याकडेच! स्वानंदीने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली नाणी मामापुढे ठेवली. 

मामाने तहसील कार्यालयात कळवलं. दोन दिवसांनी साताऱ्याहून पुरातत्त्वाच्या जाणकार शरयू मॅडम आल्या.

"जवळजवळ सतराशे वर्षांपूर्वीची कांस्याची नाणी आहेत. चिंचेने घासली असती, तर हिरव्या थराबरोबर अक्षरंही गेली असती," त्या म्हणाल्या. "आता सरकार ती नीट जपेल. हे एक पार झिजलंय. मागची बाजू ओळखशील, स्वानंदी?"

त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. स्वानंदीने श्वास रोखून पाहिलं.

"दोन सैनिक आहेत... भाले घेऊन उभे. आणि मध्ये निशाण!"

"सैनिक?" मामाने घाईघाईने भिंगात डोळा घातला. "आरं तिच्या मारी! ही तर पलटण! आन् मी फौजी गडी, पलटणच भट्टीत धाडत हुतो!"

"चुकून रे, मामा," स्वानंदी म्हणाली.

मामाने टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली आणि सगळ्यांदेखत तिन्ही पोरांना कडक सॅल्यूट ठोकला!