आधी टेबल, मग हात

विश्रामबागेत भरतेशच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. आत एक ड्रिल, एक चकाकी आणायची बफिंगची मोटर, भिंतीला टांगलेले पाने आणि दाराशी पितळी चकत्यांचं खोकं. सोऱ्याच्या चकत्या. सांगलीतल्या निम्म्या घरांत चकलीला जे काटे येतात ते भरतेशच्या हातचे, असं मी सगळ्यांना सांगायचो. उरलेल्या निम्म्या घरांतही त्याचेच होते, पण तेवढं सांगितलं की लोक मला थापाड्या म्हणतात, म्हणून मी निम्म्यावर थांबायचो.

गेल्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार, हेही सांगून टाकलं. चहा कपातून बशीत जायच्या आधी धोतरावर जायचा. चकतीतल्या भोकाची चांदणी वाकडी यायला लागली. एक बाई चकती परत घेऊन आली आणि म्हणाली, "आवं अण्णा, हिच्यातनं चकली टकली निघती की!" भरतेश हसला. ती गेल्यावर ती चकती उजेडाला धरून फिरवून बघत बसला.

मग पुण्याहून त्याचा मुलगा जिनदत्त आला. चांगला मुलगा आहे, जोरात बोलत नाही. म्हणाला, "अण्णा, आता शेड बंद करू. तुम्ही आणि आई माझ्याकडे चला."

"दिवाळीचा माल पुरा करून दावतो," भरतेश म्हणाला. "आन् माझ्या हातानं जेवून दावतो. न्हाई जमलं तर तू न्हेशील तितं येतो. मग एक शब्द बोलणार न्हाई."

जिनदत्त गेला आणि भरतेश माझ्याकडे आला. मी आकाराम. आयटीआयपासूनचा त्याचा दोस्त. नोकरीची सगळी वर्षं मी मिलिंग मशीनवर, म्हणजे धातू कापायच्या यंत्रावर, उभा राहून काढली.

"आक्या, हात न्हाई ऐकत गड्या. हाताबिगर काम हुईल असं कायतरी कर."

मी म्हटलं करू. टेबलावर बसणारं छोटं मिलिंग घ्यायचं, त्याची हँडलं काढायची, तिथं मोटरी बसवायच्या आणि त्या कॉम्प्युटरला जोडायच्या. चांदणी एकदा पडद्यावर काढली की झालं. भरतेशनं फक्त पितळ लावायचं आणि काढायचं. मी मोटरी धरायच्या ब्रॅकेटांची चित्रं काढली, मोटरी मागवल्या. मशीन रहिमतपूरला मिळालं.

विकणारा उदयसिंह, फौजेतल्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. गोठ्याशेजारच्या खोलीत मशीन पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. हिरवा रंग, मशीनच्या टेबलावर, म्हणजे पितळ बांधायच्या सरकत्या पाटावर, गंजाचा ठिपका नाही. तीन हँडलं: एक टेबल आडवं न्यायला, एक पुढं-मागं, एक वर-खाली. टेंपोत चढवताना आम्ही सगळे मिळेल तिथं धरत होतो. उदयसिंहानं फक्त बूड धरलं होतं. हँडलाला त्याचा हात लागला नाही.

"मोटरी लावनार न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"बरं करताय. तवर हातानं नका चालवू."

"का? काय खराबी हाय?"

"खराबी कसली, लय गुणी हाय," असं म्हणून तो टेंपोचा फाळका लावायला लागला. "लय लवकर शिकती."

फौजी माणसं रिटायर झाली की अशीच बोलतात, असं मी वाटेत भरतेशला म्हणालो. पुढं आम्ही चहा प्यायला थांबलो तेव्हा दोघेही त्यावर हसलो.

मोटरी यायच्या होत्या, तोवर मी प्ले मोजायला घेतला. जुन्या मशीनचं हँडल फिरवलं तरी टेबल लगेच हलत नाही. आतल्या आट्यांमधली ढिलाई आधी संपावी लागते, मग टेबल निघतं. त्या ढिलाईला आम्ही प्ले म्हणतो. कॉम्प्युटरला तो सांगून ठेवावा लागतो, नाहीतर चांदणीचं टोक चुकतं. मोजायची रीत सोपी. टेबलाला डायल, म्हणजे केसाएवढी हालचालही काट्यानं दाखवणारं घड्याळ, टेकवायची, हँडल हळू फिरवायचं आणि काटा कधी हलतो ते बघायचं.

मी फिरवलं. हँडल जरा गेलं, मग काटा हलला. जुन्या मशीनला असावा तेवढा प्ले.

"मला बघू दे," भरतेश म्हणाला.

त्यानं थरथरता हात हँडलाकडे नेला. काटा हलला.

"टेकू नगो रं टेबलाला," मी म्हणालो.

"टेकलोय कुटं?"

खरंच टेकला नव्हता. त्याचा हात हँडलापासून वीतभर लांब होता. मी डायल काढून पुन्हा लावली, स्टँडचं चुंबक तपासलं, जमिनीवर पाय आपटून बघितला. पुन्हा त्याला सांगितलं. आधी काटा सरकला. मग हँडल फिरलं. मग भरतेशचा हात हँडलावर पोचला, आणि पोचला तो थेट फिरत्या हँडलाच्या मुठीवर, जसा चालत्या एस्टीचा दांडा धरावा तसा.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं हे काहीच बघितलं नव्हतं. तो आपल्या हाताकडे बघत होता.

हात थरथरत नव्हता.

त्या दुपारी त्यानं हातानं एक चकती कापली. चांदणीची सगळी टोकं सारखी, कडा काचेसारखी. माझ्या उमेदीतही मला तशी जमली नसती. चंदनबाला वहिनी चहा घेऊन आल्या. भरतेशनं कप उचलला आणि थेंब न सांडता प्यायला. वहिनी पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

"आता कशाला रं मोटरी?" भरतेश म्हणाला.

तो चहाचे कप ठेवायला आत गेला आणि शेडमध्ये मी एकटा राहिलो. डायल अजून लावलेलीच होती. तिचा काटा थरथरत होता. बारीक, भराभर, मधेच थांबून परत. ती लय माझ्या ओळखीची होती, वर्षभर मी ती कपबशीत ऐकत होतो. मशीनची वायर कापणं झाल्यावर मीच गुंडाळून खिळ्याला टांगलेली होती. मी टेबलावर तळवा ठेवला. पितळ कापून बराच वेळ झाला होता, तरी टेबल कोमट होतं.

त्यानंतर मला घरी बसवेना. रोज काहीतरी निमित्त काढून मी विश्रामबागेत जायचो. भरतेश मजेत होता. चकत्यांवर चकत्या निघत होत्या. एकदा वहिनींनी मला फाटकाशीच गाठलं.

"आवं भाऊजी, एक इचारू? हसू नका."

"बोला की."

"ह्यांचा हात बघा जेवताना. भाताकडं जाताना आदी सरळ जातुय. थांबतुय. मग काटकोनात वळतुय. आपला कसा तिरपा जातुय, तसा न्हाईच जात."

मी हसलो नाही. वहिनींना वाटलं मी हसेन, म्हणून त्याच कसंनुसं हसल्या.

खंडेनवमीला आम्ही शेड धुतली. भरतेश जैन, मी मराठा, पण मशीन असलेल्या शेडला खंडेनवमी दोघांचीही असते. पाने, पट्ट्या, डायल, ड्रिलची बिटं, सगळं मशीनच्या टेबलावर मांडलं. झेंडूचा हार घातला. एकदा पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत उचलायचं नसतं, हे सांगलीतल्या कुठल्याही कारखान्यात पोरगंसुद्धा सांगेल. मी एकेका हत्याराला हळदीकुंकू लावत होतो. भरतेश रंगात आला होता. त्यानं उजवा हात पालथा टेबलावर ठेवला.

"ह्यालाबी लाव की. हेबी हत्यारच आता."

मला असल्या गमतीत मागं राहवत नाही. मी त्याच्या हातावर हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. नारळ फोडला. मग भरतेशनं फूल पडू न देता हात उचलला.

"आवं, पूजेतलं उचलायचं नसतंय," वहिनी म्हणाल्या.

"मग रातभर हितंच हुबा राहू व्हय?"

आम्ही तिघंही हसलो.

दसऱ्याला सकाळी पूजा हलवली आणि मी मोटरी बसवायला घेतल्या. नवं काम धरायला तो दिवस चांगला, आणि मला ती हँडलं डोळ्यासमोर नको होती. पहिलं हँडल निघालं, दुसरं निघालं. तिसरं ओढून काढलं तेव्हा घरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

भरतेश खुर्चीवर बसला होता. उजवा हात खांद्यापासून खाली लोंबत होता. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती.

"बोटं मिटत्यात," तो म्हणाला. "हात उचलत न्हाई."

मी धावत जाऊन हँडलं परत बसवली. काही फरक पडला नाही. डॉक्टरांनी सुई टोचून बघितली. टोचलेलं त्याला कळत होतं. त्यांनी आणखी तपासण्या सांगितल्या, त्याही झाल्या, त्यात काही निघालं नाही.

मग मी हँडलं पुन्हा काढून मोटरी बसवल्या आणि त्या चालतात का ते बघावं म्हणून कॉम्प्युटर लावला. डावीकडचं बटण दाबलं. टेबल डावीकडे गेलं.

"भाऊजी!" घरातून वहिनींची हाक आली. "भाऊजी, आवं हात हलला!"

मी उजवीकडचं बटण दाबलं.

वहिनी शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या बोटाकडे बघत राहिल्या.

दिवाळीचा माल पुरा झाला. मशीन एकटं चांदण्या कापायचं आणि घरात भरतेशच्या मांडीवर त्याचा हात चांदण्या काढायचा. तो डाव्या हातानं पेपर धरून वाचायचा, उजव्याकडे बघायचा नाही. मशीन थांबलं की हात लोंबायचा.

"हे जिनूला कळता कामा नये," एवढंच तो मला म्हणाला. "लोंबता हात बघितला तर आजच्या आज गाडीत घालंल."

जिनदत्त पाडव्याला आला. भाऊबीजेला सासुरवाडीला जायचं म्हणून लवकर जेवून निघणार होता. जैन घर, त्यामुळं जेवण दिवस असतानाच होतं. शेडच्या खिडकीतून जेवायचं टेबल समोर दिसतं. आमचं ठरलं होतं. वहिनी ताट नेमक्या जागी ठेवणार आणि मी शेडमध्ये बसून बटणं दाबणार. जिनदत्तला सांगितलं, आकारामकाकांचं शेडमध्ये थोडं काम उरलंय.

पुढं. खाली. भरतेशनं बोटांनी पुरीचा तुकडा धरला. वर. मागं. त्यानं मान थोडी पुढं केली. घास तोंडात गेला.

मी पुन्हा पुढचं बटण दाबलं.

आणखी एक घास. आणखी एक. जिनदत्त काहीतरी बोलत होता, हसत होता. बापाच्या हाताकडे बघून त्यानं आईकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली. मी बटणावरचं बोट उचललं आणि कपाळ पुसलं.

तेवढ्यात हात पाण्याच्या पेल्याकडे गेला.

मी नेला नव्हता. मागं वळलो. मशीनचं टेबल सरकत होतं.

मी कीबोर्ड लांब ढकलला. पेला वर गेला, ओठाला लागला, जागेवर आला. मग लाडू. मग पुन्हा पेला. सगळं माझ्यापेक्षा सफाईनं, कुठं अडखळणं नाही. भरतेश खिडकीकडे बघून किंचित हसला, शाबास गड्या म्हणाल्यासारखा.

जेवण आटोपेपर्यंत मी उभा होतो. मग शेडचा मेन स्विच खाली ओढला, दाराला कडी घातली आणि त्यांना निरोप द्यायला फाटकाशी गेलो. भरतेशचा उजवा हात वहिनींनी शालीत झाकला होता.

"अण्णा, मी उगाच काळजी करत होतो," जिनदत्त गाडीत बसताना म्हणाला. "राहा तुम्ही इथंच. परत विषय काढणार नाही. काका, लक्ष ठेवा हं."

"ठेवतो की," मी म्हणालो.

गाडी निघाली. शाल खाली पडली. भरतेशचा हात सरळ वर गेला आणि थांबला. मग डावीकडे. थांबला. उजवीकडे. थांबला. काचेतून जिनदत्तनंही हात हलवला.

गाडी कोपऱ्यावरून वळली.

डावीकडे. उजवीकडे.

"गेला रं तो," भरतेश रस्त्याकडेच बघत हळू आवाजात म्हणाला. "आक्या, थांबव आता."

मी त्याच्या शेजारी उभा होतो. माझे दोन्ही हात फाटकावर होते.