पाठीवरचं रफू

रफूकामात सौदीतल्या अल-खोबरमध्ये वहाबचा हात धरणारा कोणी नव्हता. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढून तो असा विणायचा, की भोक कुठं होतं ते खुद्द गिऱ्हाइकाला सापडू नये. दापोलीकडचा हा गडी त्याचा तोराही मिरवायचा. निदान एक्क्याण्णवच्या जानेवारीपर्यंत, इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडू लागेपर्यंत.

फेब्रुवारीत एका सकाळी इस्पितळातला स्वीडिश डॉक्टर जुना लोकरी कोट घेऊन आला. त्याच्या खापरपणजोबांचा. नेपोलियनच्या काळात फिनलंडमधल्या ओरावाइसला रशियनांशी लढताना ते पडले. त्या लढाईनंतर फिनलंड स्वीडनच्या हातून गेलंच. शकुनाचा म्हणून डॉक्टर कोट सोबत बाळगी; आता तो गावच्या संग्रहालयात जायचा होता.

"छातीवर गोळी झेलली, असं घरी सांगतात," डॉक्टर खाली बघत म्हणाला. "भोक तेवढं बुजवा."

भोक पाठीवर होतं.

दुपारपर्यंत वहाबनं ते बुजवलं. दुकानाला कुलूप लावून नमाजाला गेला, परतला तर भोक उघडं आणि धागा शेजारी नीट गुंडाळलेला. पुन्हा बुजवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बुजवून तो कोटासमोर बसूनच राहिला. एकदा पापणी लवली, तेवढ्यात भोक पुन्हा उघडं. धागा उचलला तर ओला, बर्फासारखा गार.

वहाबला भीती कमी, लाजच जास्त वाटली. महिन्यापूर्वी हल्ल्याचा भोंगा झाला तेव्हा दोघांच्या खोलीत त्याचा गाववाला इब्राहीम होता, पाय प्लास्टरमध्ये. हाका मारत होता. वहाब एकटाच पळाला. परतला तेव्हा इब्राहीम खाटेखाली पडलेला, हृदय बंद पडून गेलेला. आणि त्याच्या बायकोला, अमिरुन्निसाला यानं कळवलं, शेवटपर्यंत त्याचा हात धरून होतो. ती बिचारी प्रत्येक पत्रात दुवा देत होती.

कोट त्यानं तसाच परत केला.

मग वहाब टेलिफोनच्या रांगेत उभा राहिला. गावी शेजाऱ्यांनी अमिरुन्निसाला बोलावून आणलं.

"भाबी, मी खोटं कळवलं. त्याला टाकून पळालो मी."



"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"पळालास ते पळालास, वहाब. पण जाताना दार कशाला ओढून घेतलंस?"

हाका ऐकू येऊ नयेत म्हणून. हे त्यानं अल्लापाशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.