मे महिन्यातली कानटोपी

बाहेर नागपूरचं डांबर वितळत होतं आणि नकाशा कार्यालयात बोरकुटेकाका कानटोपी घालून बसले होते. शाल्मली दारातच थबकली. शाळेला सुट्टी म्हणून ती आईबरोबर तिच्या कार्यालयात आली होती. पाहते तर कुणी शालीत, कुणी स्वेटरात. आणि हे कार्यालय म्हणे वीज वाचवत होतं!

"तुझ्या आबांच्या त्या काटकानं आमचा बर्फाचा गोळा केला बघ, पोरी," बोरकुटेकाका कुडकुडत म्हणाले.

काटक म्हणजे आबांनी, आईच्या बाबांनी, बनवलेला यंत्रमानव. हवा गार करणारी सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात. पण तो आल्यापासून वीज वाचायची सोडून जास्तच लागत होती. आज दुपारच्या बैठकीत त्याची रवानगी भंगारात होणार होती. आबा त्याच्यासमोर डोकं धरून बसले होते.

"खोलीत फार उकडतं आहे," काटक शांतपणे म्हणाला.

"उकडतंय?" शाल्मलीचा आ वासलेलाच राहिला. "आबा, हा खोटं बोलतो?"

"त्याला ते येत नाही. ते खातं माणसांकडे." आबांनी सुस्कारा टाकला. "तू आंघोळीच्या पाण्यात विसण कसं घालतेस?"

"बोट बुडवते. कडक लागलं तर थंड ओतते. परत बोट बुडवते."

"यालाच प्रतिपोषण (केलेल्या कामाचा परिणाम तपासून पुढचं काम ठरवणं) म्हणतात. काटकाचं बोट म्हणजे संवेदक (उष्णता जाणणारं उपकरण). प्रत्येक टेबलावर लिंबाएवढा एक बसवलाय. सगळ्यांची सरासरी काढून तो हवा गार करतो."

"आणि माझ्या बोटाला कुणी गरम वाटी लावून ठेवली तर?"

"तर तू थंडच ओतत बसशील. बादली गारठली तरी..." आबा बोलता बोलता थांबले.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. शाल्मलीनं आईचा विजेवर तापणारा डबा उचलला आणि टेबलावर वाकून पाहिलं. डब्याला अगदी चिकटून लिंबाएवढा संवेदक होता. चटका बसेल इतका गरम.

"आई! तू?"

"हळू बोल गं!" आईचा चेहरा उतरला. "हवा पुरेशी गारच होत नव्हती. म्हटलं, माझ्या एकटीच्या डब्यानं काय होणार आहे?"

"काटक भंगारात जाणार आहे, आई. आबांच्या डोळ्यांदेखत."

आईनं डब्याची तार ओढून काढली. मग डबा घेऊन थेट खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, तुमचा काटक बरोबर आहे. त्याला मी फसवलं."

आता सगळे तिच्यावर तुटून पडतील, असं शाल्मलीला वाटलं. पण कुणी नजरच मिळवेना. बोरकुटेकाका तर छताकडे पाहत होते. मग हळूच त्यांच्या फायलींमागून एक डबा बाहेर आला. पलीकडून दुसरा. कपाटाआडून तिसरा.

"अरे बाप्पा, तुम्ही पण?"

"अन् तुम्ही काय कमी?"

घरी रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की पोरांवर डाफरणारी ही मंडळी! इथं मात्र वीज कार्यालयाची, चूक काटकाची आणि आपला डबा तेवढा निरुपद्रवी. शेवटचा डबा साहेबांच्या केबिनमधून आला आणि भंगाराचा विषय बैठकीतून आपोआप गळाला.

सर्वांत मोठा धक्का आबांना बसला होता. "मी भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या, ऊन मोजलं," ते पुटपुटले. "गारवा किती हवा, हे माणसांना विचारलंच नाही."

"मग आता काटकालाच विचारू द्या की!" शाल्मली म्हणाली.

आबांनी काटकाच्या पाठीवरची झडप उघडली, बराच वेळ काहीतरी जुळवलं आणि ती बंद केली. काटक डुलत डुलत पहिल्या टेबलापाशी गेला.

"बोरकुटेकाका, आता तुम्हाला कसं वाटतं आहे?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. ते इतके दचकले की खरंच बोलून गेले, "जरा उकडतंय."

काटकानं त्यांना नीट निरखलं.

"मग आधी कानटोपी काढू या का?"