पुसलेली छत्री

वात जरा वर करा, मग सांगतो. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. नवा जिल्हा म्हणजे नव्या इमारती, आणि नव्या भिंतींवर टांगायला काहीतरी हवंच. नळाला टिपूस नव्हता, पण सैनिकांच्या सभागृहाला चित्र पाहिजे होतं! माझं फ्रेमचं दुकान, म्हणून मला निलंग्याकडं धाडलं.

चित्र भुजंगचं. पलटणीत तो पाट्या रंगवायचा. त्याचा हात बघून साहेबांनी त्याला बांगलादेशच्या लढाईत चित्रं काढायला नेलं होतं. विमानाच्या दारातून त्यानं हवाई छत्रीवाले जवान उतरताना पाहिले आणि घरी आल्यावर तसेच रंगवले.

मी पोचलो तेव्हा दुपार होती. खोलीत टर्पेंटाइनचा उग्र वास. चित्र भिंतीएवढं होतं. जमीन कुठंच नाही, नुसतं निळं आभाळ आणि त्यात लटकलेली माणसं. बघताना मी नकळत भिंतीला हात टेकला. चित्रापुढं एक म्हातारी बसली होती.

"सिद्धम्मा," भुजंग हळूच म्हणाला. "तो डावीकडचा तिचा मन्मथ. वाऱ्यानं लांब गेला... पुन्हा दिसलाच न्हाई."

सरकारनं पोरगा गेल्याचं कळवलं, पण माती काही घरी आली नाही. लिंगायतांत मेलेल्याला समाधीच्या खड्ड्यात बसवून पुरतात. हिनं भुजंगच्या घरामागं, स्वतःच्या रानात, खड्डा खणून ठेवला होता. बसवायला मात्र कोणी नव्हतं. आता चित्रही लातूरला जाणार म्हणून ती धावत आली होती.

"न्यायच्या आधी त्याला खाली आण, बाबा."

"अव्वा, ह्यात जमीनच न्हाई. उतरवू कुठं?" तिकडं आईला अव्वाच म्हणतात.

"मग छत्री पूस."

"छत्री पुसली तर पडंल की त्यो..."

"पडू दे. लई वर्सं लटकून राहिलाय. मातीत तर येईल."

भुजंगनं ब्रश उचलला. निळ्या रंगाखाली आधी दोऱ्या बुजल्या, मग छत्री. मन्मथ एकटाच उरला, हात वर धरलेला. ब्रश खाली ठेवायच्या आत घरामागं धप्पकन आवाज झाला.

मी चित्राकडं पाहिलं. मन्मथ तिथं नव्हता.

आम्ही मागं धावलो. खड्ड्यात धूळ उडत होती. धूळ बसली तसा हिरवा गणवेश दिसला. तो बसलेला होता. पाय मोडून मांडीसारखे खाली दुमडले होते, आणि तोंड वर होतं.

"अव्वा... पाणी..."

मी काठावर पालथा पडून हात खाली घातला. त्यानं तो घट्ट धरला. पंजा गरम होता. पण त्या उन्हात काठावरचे दगडही तापलेले होते.

तेवढ्यात त्याच्या डोक्यावर माती पडली. सिद्धम्मा दोन्ही हातांनी ढीग लोटत होती.

"अहो, थांबा! बोलतोय तो!"

"मेलेल्यानं पाणी मागितलं तर देऊ न्हाई," ती म्हणाली. "दिलं की घर सोडत न्हाई..." ती ढसाढसा रडत होती, पण हात थांबत नव्हते.

भुजंगनं मला कमरेला धरून मागं ओढलं. मातीखाली ती पकड हळूहळू सुटली. 'अव्वा' मात्र बराच वेळ ऐकू येत राहिलं. मग तेही थांबलं.

सिद्धम्मानं ढिगावर विभूती लावली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"तू हात धरला व्हतास, लेकरा. गरम व्हता का गार?"

भुजंगनं मान खाली घातली.

"गार," मी म्हटलं.

"मग बरं झालं..." तिनं सुस्कारा सोडला आणि त्या मातीवरच अंग टाकलं. कुशीत पोर घेऊन बाई झोपते, तशी झोपली.

चित्र मी आणून टांगलं. अजून आहे तिथं. पुसलेल्या जागेचा रंग काही केल्या वाळत नाही. आणि त्यावर हात ठेवला ना... तर नाडी लागते.