उंबऱ्यावरची बाई

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण पनवेलच्या एका दुकानातली चोरी मी हातातला चहा निवायच्या आत पकडली. तेव्हा मी हवालदार होतो. साल दोन हजार अकरा.

फोन परेशचा. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मग त्याने फ्रेमचं दुकान काढलं. "हवालदार, धावा! चोर कोंडून ठेवलाय!"

चोर म्हणजे त्याच्याकडे फ्रेमा जोडणारी रंभा. मागच्या खोलीला खिडकी नाही, पॉलिशच्या वासाने जीव गुदमरावा, आणि बाहेरून कुलूप. आतून थापांवर थापा.

"मी नाय घेतलं वो! संध्याकाळी पोरीला बघायला पावनं येनार हायत. मला जीपमधून नेलात तर सोयरीक मोडंल!"

चोरीला गेलेलं चित्र होतं द्रोणागिरीच्या गोदामवाल्या भावेशशेटचं, फ्रेम करायला दिलेलं. हॉलंडमधल्या कुठल्याशा जुन्या गावातला रस्ता. विटांचं घर, फरशीवर खेळणारी पोरं, दारात शिवत बसलेली बाई. शेट सकाळी न्यायला आले, सहज बोट लावलं, तर रंग ओला! कोणीतरी अस्सल चित्र लांबवून नक्कल ठेवली होती. ती नक्कलही पुरावा म्हणून रंभासोबतच कोंडलेली.

"दुकानाची किल्ली कोणाकोणाकडे?" मी विचारलं.

"माझ्याकडे नि रंभाकडे," परेश म्हणाला.

"मग तू कशावरून नाहीस?"

"मी चोर असतो तर तुम्हाला फोन केला असता?"

बुटाची नाडी बांधायला मी उंबऱ्यावर टेकलो, तर हा किंचाळला. "उठा, उठा! भरल्या दुकानातली लक्ष्मी घालवता का? त्या रंभालाही सांगून थकलो. रोज इथेच बसून डबा खाते."

मी कुलूप काढायला लावलं. रंभाचा चेहरा पांढराफटक. तिथेच उभ्या असलेल्या शेटच्या मोबाइलमध्ये अस्सल चित्राचा फोटो होता. तो मी नकलेशेजारी धरला आणि हसलो.

"परेश, फोटोतली बाई उंबऱ्यावर बसलीय. नकलेत ती उंबऱ्यावरून उठून घरात सरकली. बाकी वीट न् वीट जागच्या जागी. म्हणजे रंगवणाऱ्याचा हात तयार, फक्त बाईमाणसाला उंबऱ्यावर बसवायला तो धजावला नाही. रंभाला ब्रश धरता येत नाही, आणि उंबऱ्याचं भय तर मुळीच नाही. ते भय तुला."

परेशची नजर भिंतीवरच्या गणपतीकडे गेली. मी ती फ्रेम उतरवली. मागे अस्सल चित्र!

परवा रंभाच्या नातवाच्या बारशाला मी हे सांगितलं. मंडळी थक्क. तेवढ्यात घुगऱ्या वाटणारी रंभाच कडाडली,

"खोटं! तुमी तर जीप बोलावून मोकळे झाले व्हते. आतून फटीला तोंड लावून मीच वरडले, शेट, फोटू बघा, तुमच्या बाईला उंबऱ्यावरनं कोनी उठवलं?"